मदत हवी आहे: भाच्याला विल्सन (अंगात तांबं साठत जाण्याचा आनुवंशिक आजार) निघाला, लहान भाचीची तपासणी आत्ताच करावी का?

नमस्कार. जरा लांबण लागेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

भाचा १७ वर्षांचा, बारावी सायन्स. गेल्या दिवाळीपासून अक्षर बिघडलं. जर्नलमधली ओळ सुरू होताना ठीक, शेवटाला मुंग्यांची रांग. मग बोलणं जड झालं, कप धरताना हात थरथरायला लागला, बोलता बोलता लाळ गळायची. चिडचिड इतकी की ताईने दोनदा मोबाइल काढून घेतला. आम्ही सगळे "वयच तसं आहे" म्हणत राहिलो, मीही. आठवीत त्याला कावीळ झाली होती. गावठी औषध, उसाचा रस, पथ्य. उतरली, विषय संपला.

न्यूरॉलॉजिस्टांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं तेव्हा चक्रावलोच. हात थरथरतो तर डोळे कशाला? स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेने तपकिरी-हिरवट कडं दिसलं, साठलेल्या तांब्याचं. रक्तात सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन) कमी, २४ तासांच्या लघवीत तांबं जास्त. आता पेनिसिलामाइन, म्हणजे जादा तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध, सुरू होतंय.

ताईचं सासर म्हणजे आमच्या आत्याचंच घर. आतेभावाशी लग्न, आमच्याकडे चालत आलेलं. डॉक्टर म्हणाले, दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं.

भाची ११ वर्षांची, ठणठणीत. भावजी म्हणतात, "तिला काही होत नाहीये, उगाच सुया कशाला? उद्या लग्नाच्या वेळी बोभाटा." तिच्यात कोणती लक्षणं बघत राहायची, की न बघताच तपासायचं?

दुसरं, घरात तांब्याचा हंडा आहे, आजोबांनी तांबट आळीतून घडवून आणलेला. आई सकाळ-संध्याकाळ रडते, "माझ्याच हंड्याने पोराचं वाटोळं केलं." तिला काय सांगू?

प्रतिसाद १
दादा, माझ्या मोठ्या मुलाला हाच आजार आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. लक्षणांची वाट बघू नका. सख्ख्या भावंडाला हा आजार असण्याची शक्यता चारात एक. तिच्या वयाला तो बहुतेक वेळा यकृतात गुपचूप बसलेला असतो, हातापायांवर दिसतच नाही. डोळ्यातलं कडंही तेव्हा नसू शकतं, त्यामुळे "डोळे स्वच्छ आहेत" एवढ्यावर थांबू नका. सेरुलोप्लाझ्मिन, यकृताच्या तपासण्या, २४ तासांची लघवी. लघवीचा कॅन लॅबमधूनच आणा, घरातली बाटली नको. भाच्याची एटीपी७बी जनुकाची (ह्या आजारात बिघडतं ते हेच) तपासणी झाली असेल तर तिच्यात नेमके तेच दोष शोधता येतात, मग शंका उरत नाही.

भावजींना एवढंच सांगा: आनुवंशिक आजारांत औषध असलेले फार थोडे, हा त्यातला आहे. लक्षणांआधी गोळ्या सुरू झाल्या तर मूल बहुधा इतरांसारखंच वाढतं. मात्र गोळ्या जन्मभर. बरं वाटतंय म्हणून बंद केल्या तर यकृत जाऊ शकतं. आणि ती नुसती वाहक (एकच बिघडलेलं जनुक असलेली) निघाली तर तिला आजार नाहीच.

प्रतिसाद २
हंड्याने आजार होत नाही. यकृताला जादाचं तांबं पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही, बिघाड तिथे आहे. तेच पाणी तुम्ही सगळे प्यायलात ना? आईंना हेच विचारा. भाच्याला मात्र त्यातलं पाणी बंद. कलेजी, शिंपल्या, चॉकलेट, काजू हेही डॉक्टरांना विचारूनच. आणखी एक, पेनिसिलामाइनने सुरुवातीला काहींची थरथर वाढते. तसं झालं तर मनाने गोळी बंद न करता लगेच डॉक्टरांना फोन करा.

धागाकर्ता
ताई, तुमचा प्रतिसाद भावजींना जसाच्या तसा वाचून दाखवला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, शनिवारी नेऊ. आईला "आम्ही पण तेच प्यायलो" हे पटलं, तरी हंडा माळ्यावर चढवायला लावलाच.

२४ तासांची लघवी शाळेच्या दिवशी कशी गोळा केलीत? की रविवारच धरायचा?