मदत हवी आहे: गेटडेंट्स वापरल्यावर प्रत्येक फाइलनावाचे पहिले अक्षर का गळते?

नमस्कार. ओपनडिर आणि रीडडिर ही फंक्शन्स आतून नेमके काय करतात हे समजून घेण्यासाठी मी ६४-बिट लिनक्सवर सिस्टिम कॉल थेट वापरणारा एक लहान सी प्रोग्रॅम लिहिला आहे. त्यात डिरेक्टरी ओपनने उघडतो, ३२,७६८ बाइटांचा बफर देऊन सिस्कॉलमार्फत एसवायएस_गेटडेंट्स हा डिरेक्टरीतील नोंदी बफरात भरणारा कॉल करतो आणि भरलेल्या बफरवर लिनक्स_डायरेंट६४ या स्ट्रक्चरचा पॉइंटर ठेवून, दर वेळी डी_रेकलेनइतके (म्हणजे त्या नोंदीच्या लांबीइतके) पुढे सरकत, नोंदी छापतो.

चाचणीच्या डिरेक्टरीत 'एबीसी' अशा तीन लहान रोमन अक्षरांच्या नावाची एकच फाइल आहे. कॉल ७२ बाइट परत करतो, प्रत्येकी २४ बाइटांच्या तीन नोंदी मिळतात आणि लूप अचूक जागी थांबतो. आयनोड क्रमांकही (फाइल सिस्टिममधील फाइलीचा ओळख क्रमांक) एलएसने दाखवलेल्या क्रमांकांशी जुळतात. मात्र एका टिंबाच्या नोंदीचे नाव रिकामे येते, दोन टिंबांच्या नोंदीचे एकच टिंब उरते आणि फाइलीचे नाव 'बीसी' एवढेच छापले जाते. डी_टाइप या प्रकाराच्या बाइटात डिरेक्टरीसाठी ४ आणि साध्या फाइलीसाठी ८ अपेक्षित असताना ४६, ४६ आणि ९७ दिसतात. पॅडिंगचा संशय आल्याने स्ट्रक्चर पॅक्ड करूनही पाहिले, पण काहीच बदलले नाही. चूक कोठे असावी?

प्रतिसाद १

आपण दिलेल्या किमतींतच उत्तर आहे. ४६ हा टिंबाचा आस्की क्रमांक आहे आणि ९७ हा लहान 'ए'चा. म्हणजे गळालेले अक्षर डी_टाइपमध्ये जाऊन बसले आहे. आपण जुना कॉल करत आहात आणि स्ट्रक्चर मात्र नव्या कॉलचे लावत आहात. जुन्या गेटडेंट्सच्या नोंदीत आयनोडचे ८, ऑफसेटचे ८ आणि लांबीचे २ बाइट झाले की (०पासून मोजता) १८व्या बाइटापासून लगेच नाव सुरू होते, आणि प्रकाराचा बाइट नोंदीच्या अगदी शेवटच्या जागी असतो. गेटडेंट्स६४ मध्ये प्रकार १८व्या बाइटावर आणि नाव १९व्यापासून असते.

लूप बिनचूक चालल्यामुळे ही चूक लपून राहिली. ६४-बिट यंत्रावर दोन्ही मांडण्यांत नावाच्या लांबीत २० मिळवून येणारी संख्या ८च्या पटीत वर नेली जाते, त्यामुळे डी_रेकलेन सारखीच येते. एसवायएस_गेटडेंट्स६४ वापरा, किंवा जीलिबसी ही सी लायब्ररी २.३० अथवा त्यानंतरची असेल, तर _जीएनयू_सोर्स डिफाइन करून गेटडेंट्स६४ हे फंक्शनच थेट वापरता येईल. बफर ८ बाइटांच्या सीमेवर अलाइन केलेला असू द्या.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. कॉल बदलताच तिन्ही नावे पूर्ण आली आणि प्रकारही ४, ४, ८ असे मिळाले. आणखी दोन शंका आहेत. दुसऱ्या एका माउंट केलेल्या फाइल सिस्टिमवर सर्व नोंदींचा डी_टाइप ० येतो. शिवाय डी_ऑफ या ऑफसेटच्या जागेत २४, ४८ अशा संख्या येतील असे मी धरले होते, पण तेथे प्रचंड मोठे आकडे दिसतात.

प्रतिसाद २

० म्हणजे डीटी_अननोन. नोंदीसोबत प्रकार पुरवणे प्रत्येक फाइल सिस्टिमवर बंधनकारक नाही, म्हणून ही किंमत आल्यास त्या नावासाठी एफस्टॅटॲट हा फाइलीची माहिती देणारा कॉल, एटी_सिमलिंक_नोफॉलो हा फ्लॅग देऊन, करावाच लागतो. हा फ्लॅग विसरल्यास सिमलिंकऐवजी ती ज्याकडे बोट दाखवते त्या फाइलीचा प्रकार मिळेल, आणि आपण पुढे उपडिरेक्टऱ्यांत उतरणारा प्रोग्रॅम लिहिलात तर तो त्याच चक्रात फिरत राहू शकेल.

डी_ऑफचा आपल्या बफरातील अंतराशी संबंध नाही. ती फाइल सिस्टिमने स्वतःसाठी ठेवलेली खूण असते; उदाहरणार्थ, ईएक्सटी४ मध्ये ती सहसा नावाच्या हॅशवरून ठरते. तिच्यावर बेरीज-वजाबाकी करू नये, फक्त त्याच डिरेक्टरीवर एलसीकला (वाचनाची जागा बदलणाऱ्या कॉलला) जशीच्या तशी द्यावी. लूपबाबतही एक पाहून घ्या: बफर संपला म्हणजे डिरेक्टरी संपली असे नव्हे. कॉल ० परत करेपर्यंत तो पुन्हा पुन्हा करावा लागतो. -१ आल्यास एर्नो (त्रुटीचा क्रमांक) तपासावा, आणि एक नोंदही मावणार नाही इतका बफर लहान असेल तर तेथे ईइनव्हॅल ही त्रुटी मिळेल.