कलिन्याला एम.एस्सी. की सहा लाखांचे शैक्षणिक कर्ज?

डोंबिवलीकर पालक:
मुलीने यंदा संख्याशास्त्रात बी.एस्सी. केले असून मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात तिला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळतो आहे. तेथील फी आम्ही घरातून भरू शकतो, आणि कुर्ल्यापर्यंत लोकल व पुढे बस अशी रोजची ये-जा तिला जमेल. दुसरा पर्याय एका खासगी संस्थेचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. त्यासाठी ६ लाखांचे कर्ज काढावे लागेल. माहितीपत्रकात 'सरासरी पॅकेज ८ लाख' असे छापले आहे. मी चार वर्षांत निवृत्त होतो आणि सहकर्जदार म्हणून सही माझीच असणार. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त बँक कर्मचारी:
साहेब, कर्ज ६ लाखांचे दिसते, पण हप्ते सुरू होतात तेव्हा ते ६ लाखांचे राहिलेले नसते. अभ्यासक्रमाची दोन वर्षे आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसला तरी सरळव्याज चढतच असते. दर १० टक्के धरला आणि वर्षाच्या सुरुवातीला ३-३ लाख उचलले, तर तीन वर्षांत दीड लाख व्याज जमते व ते मुद्दलात मिळते. साडेसात लाखांचा सात वर्षांच्या मुदतीत हप्ता सुमारे १२,४५० रुपये होतो. व्याज दरमहा भरत गेलात (पहिल्या वर्षी २,५००, नंतर ५,०००) तर तोच हप्ता दहा हजारांच्या आत येतो. कर्ज घेतलेच तर एवढे तरी कराच. पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास हप्तेपूर्व काळातील व्याजात ३ टक्के सवलत आहे, मात्र संस्था त्यांच्या यादीत असावी लागते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करसवलत फक्त जुन्या करप्रणालीत मिळते.

संख्याशास्त्राची माजी विद्यार्थिनी:
काका, मुलगी संख्याशास्त्राची आहे, तेव्हा 'सरासरी' या शब्दाची शहानिशा तिलाच करू द्या. नऊ जणांना ४ लाख आणि एकाला ४४ लाख मिळाले तरी सरासरी ८ लाखच येते. मध्यक, म्हणजे सगळी पॅकेजेस क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारा, आणि वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली तेही विचारा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या शिक्षणसंस्थांच्या क्रमवारीसाठी संस्था हे दोन्ही आकडे देतात.

पॅकेज म्हणजे पगारही नव्हे. एका सरकारी विद्यापीठातून बाहेर पडल्यावर मला ४ लाख २० हजारांचे नियुक्तिपत्र मिळाले. भागिले बारा करून आईला मी ३५,००० सांगून मोकळी झाले होते. पहिल्या पगारपावतीवर भविष्यनिर्वाह निधीतला कंपनीचा आणि माझा असे दोन्ही वाटे, ग्रॅच्युइटी, विमा आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा जाऊन २९,८०० उरले. त्यातून साडेबारा हजारांचा हप्ता गेला असता, तर भाड्याच्या खोलीतला माझा वाटा मला देता आला नसता. नोकरी शोधायला मात्र पाच महिने लागले, तेव्हा कोणी दारात येऊन नेईल या भरवशावर राहू नका.

डोंबिवलीकर पालक:
आपणा दोघांचे आभार. संस्था विद्यालक्ष्मीच्या यादीत नाही. मध्यक विचारायला मुलीनेच फोन केला, तेव्हा 'समुपदेशक आपल्याला परत फोन करतील' असे उत्तर मिळाले. कलिन्याची फी भरायची मुदत शुक्रवारी संपते. त्या फोनची वाट गुरुवारपर्यंतच पाहायची, असे तिने ठरवले आहे.