क्लबहाऊसचा टीव्ही आणि सगळ्यांची डिव्हाइसं: तुमचे अनुभव लिहा

क्लबहाऊस म्हटलं की भिंतीवर एक मोठा टीव्ही, मागे वायरींचा गुंता आणि "अहो चित्र दिसतंय पण आवाजच नाही" असं ओरडणारं कोणीतरी असतंच. सेट टॉप बॉक्स, गेमवाल्या पोरांचा कन्सोल, मीटिंगवाल्यांचा लॅपटॉप, ऐनवेळी कोणाचा तरी फोन, सगळं त्या एकाच टीव्हीला जोडायचं असतं. तुमच्याकडे हे कोण बघतं, काय केल्यावर कटकट कमी झाली, कशाने उलट वाढली, सविस्तर लिहा. टीव्ही कुठला घ्यावा हा विषय इथे नको प्लीज, त्याला अंत नाही.

* * *

आमच्याकडे एकच काम केलं आणि निम्मी भांडणं संपली. टीव्हीच्या मागे हात घालायचा नाही, कोणीच नाही! कायमच्या वायरी आत बांधून टाकल्या आणि चित्र आणि आवाज दोन्ही नेणारी एकच एचडीएमआय वायर बाहेर टेबलापर्यंत आणली, पाहुण्यांचं जे काय असेल ते त्यालाच लावायचं. रोज काढघाल केली की पोर्ट सैल होतो, आणि टीव्हीचा पोर्ट गेला तर अख्खा बोर्ड काढावा लागतो, बाहेरची वायर गेली तर वायर बदलायची बस. सेटिंगमधे जाऊन इनपुटना नावंही दिली, 'लॅपटॉप', 'गेम', 'चॅनल'. एचडीएमआय २ आणि एचडीएमआय ३ हे आजोबांना लक्षात राहत नाही आणि का राहावं.

आणि हो, ज्या पोर्टवर एआरसी लिहिलेलं असतं तो साउंडबारसाठीच, म्हणजे टीव्हीखालच्या लांबट स्पीकरसाठीच, राखून ठेवा. टीव्हीचा आवाज साउंडबारकडे उलटा त्याच पोर्टमधून जातो. पोरं बिनधास्त ती वायर काढून कन्सोल लावायची आणि मग संध्याकाळी बातम्यांना आलेले काका साउंडबार बिघडला म्हणून सेक्रेटरीला फोन.

* * *

आमचा वैताग वेगळाच होता. मॅच रंगात आलेली असायची आणि टीव्ही आपोआप दुसऱ्याच इनपुटवर जायचा. सगळ्यांना वाटायचं रिमोटवर कोणीतरी बसलंय. नंतर कळलं की हे सीईसी नावाचं प्रकरण आहे, म्हणजे एचडीएमआयने जोडलेली डिव्हाइसं एकमेकांना हुकूम सोडू शकतात, कन्सोल चालू झाला की तो टीव्हीला सांगतो आता मला दाखव. कोपऱ्यात कोणी नुसतं कंट्रोलरचं बटण दाबलं तरी मॅच गायब. मेनूत सीईसी या नावाने सापडेलच असं नाही, सॅमसंगमधे ॲनीनेट प्लस, एलजीत सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. बंद करून टाका, शांतता.

* * *

वरच्या दादांना, थांबा, टीव्हीतून सरसकट बंद करू नका. बऱ्याच टीव्हींमधे एआरसी सीईसीच्या जिवावरच चालतं, ते बंद केलं की साउंडबार मुका होतो आणि परत तोच फोन सेक्रेटरीला. टीव्ही आणि साउंडबारमधे चालू ठेवा आणि कन्सोल, टीव्हीला लावायची स्ट्रीमिंग स्टिक वगैरे जे आगाऊपणा करतं त्याच्या सेटिंगमधे जाऊन तिथे बंद करा. नाहीतर साउंडबारला फक्त आवाज नेणारी ऑप्टिकल वायर लावा, मग सीईसीचा संबंधच नाही, फक्त आवाज कमीजास्त करायला बहुतेक साउंडबारचा वेगळा रिमोट लागतो आणि तो सोफ्याच्या फटीत जातो, हे मी लिहून देते.

* * *

स्प्लिटर आणि स्विच यात फरक आहे हे कमिटीला समजावता समजावता माझा घसा बसला. पोर्ट कमी पडतात म्हणून कोणीतरी उत्साहाने स्प्लिटर आणला. स्प्लिटर एक चित्र दोन टीव्हींवर पाठवतो, आपल्याला हवं होतं चार डिव्हाइसं एका टीव्हीला, त्याला स्विच लागतो. बरं तो आणलेला वाया जाऊ नये म्हणून जिममधल्या जुन्या टीव्हीला पण जोडला, तर हॉलमधल्या ४के टीव्हीवर चित्र एकदम साधं दिसायला लागलं. साधे स्प्लिटर दोन्ही टीव्हींना झेपेल तेवढंच पाठवतात, म्हणजे जुन्याच्या लायकीचं.

* * *

फोनवाल्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून. एकाच वायफायवर सगळे असले की कास्टचं, म्हणजे फोनवरचं टीव्हीवर पाठवायचं, बटण सगळ्यांनाच दिसतं, एक जण योगाचा व्हिडिओ लावून बसलाय आणि बाहेरून दुसरा भलतंच काहीतरी ढकलतो, मुद्दाम नाही, त्याला घरचा टीव्ही वाटलेला असतो. आम्ही डिव्हाइसचं नावच 'क्लबहाऊस हॉल' ठेवलं, आधी ते कंपनीच्या नावाने दिसायचं. एअरप्ले (आयफोनवाल्यांचं कास्ट) असेल तर दर वेळी कोड मागण्याची सेटिंग चालू करा, कोड टीव्हीवरच येतो, म्हणजे समोर बसलेल्यालाच जोडता येतं. आणि ज्यांचा फोन गेस्ट वायफायवर आहे त्यांना टीव्ही दिसतच नाही, कारण गेस्ट नेटवर्क बहुतेक वेळा डिव्हाइसं एकमेकांपासून वेगळी ठेवतं, ते तसंच असू द्या. त्यांच्यासाठी टेबलावरची वायर आहेच की.

* * *

यूएसबी-सी! "माझ्या फोनला तेच भोक आहे मग चित्र का येत नाही." सारखं दिसणारं प्रत्येक यूएसबी-सी चित्र बाहेर देत नाही, काही फोन फक्त चार्जिंग आणि डेटा एवढंच करतात, ॲडाप्टर कितीही भारी असला तरी. आमचा ॲडाप्टर टेबलाला बांधलाय, चक्क साखळीने.

* * *

प्रोजेक्टर लांब असणाऱ्यांसाठी. ४के चित्र ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, हवं असेल तर १८ जीबीपीएसपर्यंत डेटा नेणारी वायर लागते आणि साधी तांब्याची वायर पाचेक मीटरच्या पुढे गेली की भरवसा नाही, चित्र मधेच काळं होतं, ठिपके येतात. आम्ही फायबरवाली एचडीएमआय घेतली. पण तिला दिशा असते, एका टोकाला सोर्स आणि दुसऱ्याला डिस्प्ले छापलेलं असतं. काम करणाऱ्याने ती छताच्या आतून उलटी ओढली आणि वर पीओपी करून मोकळा झाला. फिटिंगच्या आधी जमिनीवर पसरून चालवून बघा, भले तो कितीही घाईत असो.

* * *

मला लॉगिनचं सांगायचंय. टीव्हीवरच्या ॲपमधे कोणीतरी स्वतःच्या अकाउंटने आत जातो आणि तसाच घरी. मग पुढचे कित्येक दिवस त्याच्या हिस्टरीत गावभरचे व्हिडिओ आणि मुलांनी ठेवलेली कार्टून्स. असं झालं तर टीव्हीजवळ धावायची गरज नाही, बहुतेक अकाउंटच्या सेटिंगमधे डिव्हाइसांची यादी असते, घरबसल्या फोनवरून तो टीव्ही बाहेर काढता येतो. सोसायटी म्हणून आम्ही ठरवलं की टीव्हीवर कोणाचंच वैयक्तिक अकाउंट नाही. कोणाला पटलं नाही, पण टिकलंय.

* * *

छोटंसं. रिमोट चालत नाही म्हणून नवा आणायच्या आधी फोनचा कॅमेरा, शक्यतो पुढचा, रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबा. इन्फ्रारेडवाला रिमोट असेल तर स्क्रीनवर दिवा लुकलुकताना दिसतो. दिसला तर रिमोट ठीक आहे, बघा साउंडबार टीव्हीच्या सेन्सरसमोर कोणी सरकवलाय का. ब्लूटूथवाल्याला मात्र हे चालणार नाही, तो परत पेअर करावा लागतो.