लँडस्केपवाल्यांनी फक्त कुंड्या मांडायच्या का?

मातीवाली
काल गल्लीच्या ग्रुपवर एका काकांनी लिहिलं : 'लँडस्केपवाल्यांनी बागा कराव्यात, कारंजी लावावीत. कुठली जमीन कशाला वापरायची ते टाऊन प्लॅनर आणि इंजिनिअर बघतील. हल्ली उठसूट प्रत्येकाला मास्टर प्लॅनच्या टेबलावर खुर्ची पाहिजे.' खाली अंगठ्यांचा पाऊस. तिथे उत्तर दिलं असतं तर गुड मॉर्निंगच्या गुलाबांखाली गाडलं गेलं असतं, म्हणून इथे लिहिते.

काका, आपल्याच बेळगावची माती बघा. कॅम्प, टिळकवाडी तांबडी, खाली जांभा. पाणी मुरतं, विहिरीला लागतं. १९२४ च्या अधिवेशनाला टिळकवाडीत काँग्रेस विहीर खोदली, ती अशा मातीत. शहापूर, वडगाव, यळ्ळूरकडचं शिवार काळं. तिथे पाणी मुरत नाही, उभं राहतं. म्हणून भात, आणि भात निघाला की उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. घर कुठे आणि भात कुठे हे इथल्या लोकांना कुणी रंगीत नकाशा काढून सांगितलं नव्हतं. आता त्याच काळ्या रानावर प्लॅनमध्ये पिवळा रंग चढला की ते रेसिडेन्शियल. मग २०१९ च्या ऑगस्टमध्ये बळ्ळारी नाला घरात आला म्हणून आपण बोंब मारायची.

माती, उतार, पाणी आधी बघून मग जमिनीचा वापर ठरवायचा, हे आमच्या धंद्याचं मूळ काम आहे. इयन मॅकहार्ग लँडस्केपवालाच होता. १९६० च्या दशकात तो पेनसिल्वेनिया विद्यापीठात उतार, माती, पाणी, झाडी यांचे पारदर्शक कागद एकावर एक ठेवून रस्ता कुठून न्यावा आणि वस्ती कुठे टाळावी हे दाखवायचा. आज तुमचा प्लॅनर कॉम्प्युटरवर लेयर चालू-बंद करतो ते याच वाटेने आलेलं आहे. दिल्लीच्या स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चरमध्ये १९७२ पासून हा विषय शिकवतात. त्याच वर्षीच्या आर्किटेक्ट्स कायद्याने आर्किटेक्टची नोंदणी सुरू झाली. आम्हाला स्वतःची कायदेशीर कौन्सिल अजून नाही. त्यामुळे आम्हाला फोन कधी येतो? रस्ता झाला, गटार झालं, मध्ये दोन फुटांचा डिव्हायडर उरला, की 'मॅडम, जरा ब्युटिफिकेशनचं बघा.'

निवृत्त ओव्हरसियर
तो काका मीच. ग्रुपवरचं इकडे आणलंत, हरकत नाही.

नाला कुठे आहे हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? गाव नकाशात ओढा काढलेला असतो. कंटूर शीटवर खड्डा दिसतो. माझी उभी हयात लेव्हल मोजायची डम्पी दुर्बीण आणि स्टाफची पट्टी घेऊन चिखलात गेली. एका लेआऊटच्या साईटवर मी लेव्हल घेतली, प्लॉट रस्त्यापासून अडीच फूट खाली. रजिस्टरात तसं लिहिलं. वरच्या साहेबांनी रजिस्टर मिटलं, चहा मागवला, म्हणाले, 'भर टाकतील की ओ ते.' भर पडली, आणि पाणी शेजारच्याच्या रानात गेलं. यात लँडस्केपवाल्याने काय सांगितलं असतं जे रजिस्टरात नव्हतं?

आपला कर्नाटकाचा टाऊन अँड कंट्री प्लॅनिंग कायदा १९६१ चा. त्यात कलम १४-ए आहे. प्लॅनमध्ये हिरवं राहिलेलं अर्ज करून पिवळं करून घेता येतं. हा सगळा इच्छेचा प्रश्न आहे, माहितीचा नाही. तुम्हाला खुर्ची दिली तर फाईलवर एक सही वाढेल, आणि सही वाढली की तिचा दरही ठरतो.

तिसरं गेट
शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा.

माझा अनुभव वेगळा आहे. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या २० स्मार्ट सिटींत बेळगावचं नाव आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. हाती काय आलं? पेव्हर. झाडाच्या बुंध्याला चिकटून, चहूबाजूंनी, वर सिमेंटचा गिलावा. आमच्या दारातल्या बकुळीला दरवर्षी मी स्वतः पहार घेऊन श्वास मोकळा करून देतो, की महिन्याभरात कोणीतरी पुन्हा लिंपून जातं. आणि ते परदेशी कोनोकार्पस झाड! गुजरातने २०२३ मध्ये त्याच्यावर बंदी आणली, इथे नर्सरीवाला अजून 'सर, फास्ट ग्रोथ, मेंटेनन्स नाही' म्हणून गळ्यात मारतो. झाडांची यादी ड्रॉइंगवर कोण लिहितं? माळी? तुमचेच लोक लिहितात, मातीवालीताई.

मातीवाली
@तिसरं गेट, कोनोकार्पसचं कबूल. आमच्यात आळशी आहेत. पुढे.

@ओव्हरसियर काका, तुमचं रजिस्टर मिटवता आलं कारण ते तुमच्या एकट्याच्या हातात होतं. तोच अडीच फुटांचा खड्डा मास्टर प्लॅनच्या नकाशात 'पाणी साठण्याची जागा' म्हणून छापून आला असता, तर १४-ए खाली बदलताना काय खोडलं ते गावाला दिसलं असतं, कोर्टातही नेता आलं असतं.

यळ्ळूरचा नातू
पुण्यात सिव्हिलमध्ये आहे, म्हणून दोन पैसे. अमेरिकेची उदाहरणं देताना पूर्ण द्या. ओल्मस्टेड या लँडस्केपवाल्याने १८७० च्या दशकाच्या शेवटी बोस्टनमध्ये 'फेन्स' नावाचं दलदलीचं पार्क केलं. दिसायला बाग, काम पुराचं आणि मैल्याचं. खाऱ्या पाण्यावर जगणारी गवतं लावली. १९१० मध्ये चार्ल्स नदीवर बंधारा झाला, समुद्राचं पाणी आत यायचं थांबलं, सगळी लागवड निरर्थक. एका भिंतीने. तुमचे लेयर कितीही सुंदर असोत, शेवटी भिंत बांधणारा जिंकतो.

मातीवाली
मग भिंत ठरवताना गवत लावणाऱ्याला बोलवा एवढंच तर म्हणते आहे. माझीच बाजू मांडून माझ्यावरच ओरडता आहात.

काळं रान
मगापासून वाचूलालो. तुमचं इंजिनिअर अन् लँडस्केपचं चालू द्या, पण ज्याच्यावर रंग मारूलालात ते रान कुणाचं?

हलगा-मच्छे बायपासला आम्ही कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, उभ्या पिकात जेसीबीपुढं आडवं पडलो. बायका पण. त्या वेळी ह्या ताईंच्यातलं कोण आलं न्हाई. आता नकाशात आमचं शिवार 'ओपन स्पेस' म्हणून दावणार. ओपन न्हाई ते. पेरलेलं हाय. शहरातला माणूस संध्याकाळी फिरायला येतोय, फोटो काढतोय, 'काय ग्रीनरी' म्हणतोय अन् बांधावर बाटली टाकून जातोय. पिवळा रंग दिलासा तर आमचं रान जाणार, हिरवा दिलासा तर भाव जाणार. दोन्हीकडनं आमच्याच ताटात माती.

प्लॉट नंबर २७
@काळं रान, भाऊ, डोळ्यात पाणी आलं. आता हे सांगा, गुंठा-गुंठा पाडून बाँडवर विकलं कुणी? पुढाऱ्याने? आम्ही ३० बाय ४० घेतला तो तुमच्यासारख्याच एका शेतकऱ्याकडून. 'पाणी येतंय का इथं?' विचारलं तर म्हणाला, 'माझ्या जन्मात बघितलं न्हाई.' २०१९ ला रात्री लाईट गेली, पाय खाली सोडला तर पोटरीपर्यंत पाणी. सकाळी सिलिंडर तरंगत हॉलमध्ये आलेला, डब्यातलं पीठ भिंतीला चिकटलेलं. आईची सगळी लुगडी गटाराच्या पाण्यात, धुऊनही वास जाईना, टाकून दिली. आणि इथे वर मातीवालीबाई म्हणतात आपण 'बोंब मारतो'. मारणारच. टिळकवाडीत प्लॉट घ्यायला कुणाच्या बापाचे पैसे आहेत?

काळं रान
विकलं. लपवून काय ठेवूलालो? आजाची सहा एकर. वाटण्या होऊन माझ्या नावावर बारा गुंठे. बारा गुंठ्यांत बासमती किती होतोय अन् त्यात पोराची फी भागत्या का, येऊन बघ एकदा. वर शहराचं सगळं सांडपाणी नाल्यात. जलपर्णी एवढी की पाणी दिसत न्हाई. ते फुगून रानात आलं की भात काळा पडतोय. असल्या पाण्यावर बासमतीला वास धरत न्हाई. वास न्हाई तर तो बासमती कशाचा?

तिसरं गेट
वासाचा विषय काढलात म्हणून. मार्केटात 'बेळगाव बासमती' म्हणून जे विकतात ते नक्की काय असतं? मागच्या महिन्यात आणला. शिजला, मऊ झाला, वास शून्य. बायको म्हणाली हा इंद्रायणीसुद्धा नाही.

यळ्ळूरचा नातू
बासमती यळ्ळूरचा. वडगावचा कधीच तसा नव्हता. आमच्या आजीकडे भात शिजला की मागच्या गल्लीत कळायचं.

काळं रान
पुण्यात बसून यळ्ळूरचा वास येतोय व्हय तुला? तुमच्याकडं पण आता प्लॉटच पिकूलालेत.

निवृत्त ओव्हरसियर
शहापूरचा. दोघेही गप्प बसा. आणि वास गेला तो नाल्याने नव्हे, पोत्यापोत्याने युरिया टाकल्याने.

काळं रान
काका, तुमच्या खात्यानं भर टाकू दिली ती आमच्या रानात, अन् शिकवूलालाय युरिया. तुम्ही वर लिहिलंय ते मी वाचलंय. 'पाणी शेजारच्याच्या रानात गेलं.' तो शेजारी म्हंजे आम्हीच.

जांबोटीकर
तुम्हा शहरवाल्यांचं जग हलग्यापासून सुरू होऊन राकसकोपला संपतं. बेळगाव-पणजी रस्ता रुंद करताना खानापूर तालुक्यात रस्त्याकडेची सावली कापून नेली, तेव्हा एवढा मोठा धागा दिसला नाही. मलप्रभा उगवते आमच्या कणकुंबीत, तिथल्या पावसात छत्री उघडायला कोण जात नाही. ती सौंदत्तीला पोचते तेव्हा तिथे पावसाची वाट बघतात. एका जिल्ह्यात एवढा फरक, आणि मास्टर प्लॅन शहराच्या शिवेपाशी संपतो. मातीवाली, तुमच्या लेयरात जंगल येतं का, का फक्त प्लॉट?

मातीवाली
येतं. यायलाच पाहिजे. पण काम शहराच्या हद्दीपुरतं देतात आणि जंगल दुसऱ्या खात्याचं असतं.

कडोलीकर
एक साधी गोष्ट कुणीच बोलत नाही. प्लॅनवर हरकती घ्यायला मुदत असते, नोटीस लागते, नकाशाही लावतात. सगळं कन्नडमध्ये. माझ्या चुलत्याला त्याचा सर्व्हे नंबर पिवळ्यात गेलेला कळला तो एजंट दारात आल्यावर. अल्पसंख्याकांना त्यांच्या भाषेत कागद द्या म्हणून किती निवेदनं दिली आपण.

तिसरं गेट
आला सीमाप्रश्न. कसा अजून आला नाही म्हणत होतो. हा धागा नकाशाचा आहे ओ.

कडोलीकर
१९६७ चा महाजन अहवालही नकाशाचाच होता. तुम्हाला टिळकवाडीत बसून चेष्टा सुचते.

प्लॉट नंबर २७
भाषा, बासमती, कोनोकार्पस सगळं झालं. आमच्या गल्लीत यंदा पाणी येणार का, यावर एक माणूस बोललेला नाही. मातीवाली, तुमच्या त्या थरांच्या नकाशात आमचं घर 'वस्ती नको' मध्ये पडलं तर काय करायचं? पाडायचं?

मातीवाली
पाडा असं मी म्हणणार नाही, आणि नवी घरं येऊ द्या असंही नाही. तुमच्या वरच्या अंगाला अजून मोकळं असलेलं रान मोकळं ठेवायचं, पाण्याला तिथे पसरायला जागा द्यायची. ते रान ज्याचं आहे त्याला त्याबद्दल वर्षाला पैसे द्यायचे, नुसता हिरवा रंग मारून हात झटकायचे नाहीत. @काळं रान, हे तुम्हाला चालेल का ते सांगा.

काळं रान
पैसे कोण देणार?

निवृत्त ओव्हरसियर
तेच. पैसे कोण देणार हा कॉलम मॅकहार्गच्या कागदांत आहे का? घराघराकडून पूरपट्टी घ्यायची म्हटलं तर पहिला मोर्चा २७ नंबरच काढेल.

प्लॉट नंबर २७
काढेन. घरपट्टी भरतोच आहे.

निवृत्त ओव्हरसियर
बरं, एक. सरकारच्या दिशांक ॲपवर सर्व्हे नंबर दिसतात, पण ओढा पूर्वी केवढा रुंद होता ते बघायला जुना गाव नकाशाच लागतो. वडगाव आणि अनगोळच्या प्रती माझ्या ट्रंकेत आहेत. मातीवालीला पाहिजे असतील तर झेरॉक्स काढून न्याव्यात, मूळ कागद हातात मिळणार नाही. लँडस्केपवाल्यांना माझा पाठिंबा आहे असा अर्थ कुणी काढू नये. खुर्चीबद्दलचं माझं मत कायम आहे.

मातीवाली
रविवारी येते. खुर्ची नको, टेबल मोठं आहे ना नकाशा पसरायला तेवढं सांगा.

कडोलीकर
कडोलीचा आहे का ट्रंकेत?

निवृत्त ओव्हरसियर
नाही.

तिसरं गेट
@काळं रान, आता राग सोडा. नाल्यापासून लांबच्या रानातला, वासाचा बासमती असला तर पाच किलो सांगून ठेवा. दर काय?

काळं रान
पाच किलो करत न्हाई. पोतं न्यायचं. अन् उधारी बंद.