फूटपाथ सलग करून घ्यायचा आहे. पुणे मनपाकडे मागणी कशी मांडावी?

चालता_बोलता
आमच्या २४ मीटर रुंद रस्त्याला दोन्ही बाजूंना फूटपाथ आहे, पण कुठे सोसायटीचं गेट, कुठे विजेचा फीडर पिलर, कुठे टपरी. शाळेची मुलं अन् म्हातारी माणसं रस्त्यावरूनच चालतात. ऑनलाइन तक्रार केली की चार ब्लॉक बदलतात आणि तक्रार बंद. सह्यांची मोहीम काढावी का?

मोजपट्टी
सह्या मागाहून. आधी मोजमाप. ‘फूटपाथ खराब आहे’ असं लिहिलंत तर डागडुजीच पदरात पडणार.

स्टीलचा टेप घ्या. दर १० मीटरवर मोकळी रुंदी मोजा. मध्ये खांब असेल तर दोन्ही बाजूंची बेरीज करायची नाही, मोठी बाजू तेवढी धरायची. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शक तत्त्वं) प्रमाणे किमान १.८ मीटर रुंदी आणि २.२ मीटर उंची अडथळ्याविना हवी, कर्बची (फूटपाथच्या कडेच्या दगडाची) उंची १५० मिमीपेक्षा जास्त नको. फोटोत टेपचे आकडे दिसले पाहिजेत.

मग शाळा सुटताना १५ मिनिटं माणसं मोजा: फूटपाथवरून किती, रस्त्यावरून किती. हे दोन आकडे अभियंत्याला सहज झटकता येत नाहीत. सगळं एका पानाच्या नकाशावर मांडा. दहा पानांचं निवेदन कोणी वाचत नाही.

आवक_जावक
वरच्याला पूरक. पत्र पथ विभागाला आणि त्याची प्रत क्षेत्रीय कार्यालयाला. पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. पत्रात मनपाच्याच २०१६ च्या पादचारी धोरणाचा हवाला द्या. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये येतो असं म्हटलंय, तेही एका ओळीत घाला. मात्र नुसत्या त्या ओळीने कनिष्ठ अभियंता हलत नाही. तो हलतो अंदाजपत्रकात पैशाची तरतूद असली की.

म्हणून वेळ साधा. छोटी कामं (रॅम्प, चेंबरची झाकणं, एखादा खांब हलवणं) सहभागी अंदाजपत्रकात (नागरिकांनी सुचवलेल्या कामांसाठी मनपा ठेवते तो निधी) टाका. अर्ज कधी मागवतात याकडे लक्ष ठेवा, मुदत थोडी असते. सबंध रस्त्याचं काम हवं असेल तर निविदा निघायच्या आधी नकाशा बघा. कार्यादेश (वर्क ऑर्डर) दिल्यावर सूचना केलीत तर ‘पुढच्या वेळी बघू’. काम झालेलं असेल तर माहिती अधिकारात पूर्वगणनपत्रक (खर्चाचा अंदाज), मोजमाप पुस्तक आणि दोषदायित्व कालावधी मागा. दोषदायित्वाची मुदत शिल्लक असेल तर खचलेले ब्लॉक ठेकेदाराने स्वखर्चाने बसवायचे असतात.

कर्बस्टोन
गेटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच नकाशात चुकतो. गेटपाशी फूटपाथ खाली उतरवतात, पुढे परत चढवतात. व्हीलचेअरवाला तर सोडाच, पिशव्या घेतलेला माणूसही वैतागून रस्त्यावर उतरतो. फूटपाथ त्याच पातळीवर सलग न्यायचा आणि गाडीसाठी उतार फक्त रस्त्याकडच्या कडेला द्यायचा, असं लेखी मागा. गाड्या जातात तिथे ८० मिमीचे ब्लॉक, बाकी ठिकाणी ६० चालतात. केबलच्या खोदाईनंतर भराव न ठोकता ब्लॉक बसवले की पहिल्याच पावसात खचतात, तेव्हा ब्लॉक बसण्याआधीच जाऊन बघा.

शाळेसमोर उंचावलेलं क्रॉसिंग मागताना पाणी कुठे जाणार तेही विचारा. कर्बलगत जाळीची गटार किंवा पाइप सोडला नाही तर पावसाळ्यात दोन्ही बाजूंना तळं होतं, लोक ओरडतात आणि क्रॉसिंग उखडलं जातं. बोलार्डवर (गाड्या अडवायला रोवलेल्या खुंटांवर) फार भरवसा नको: व्हीलचेअर जाईल एवढी जागा ठेवली की तिथून स्कूटरही जाते.

चालता_बोलता
टपऱ्यांचं काय? आमच्या सोसायटीतल्या बऱ्याच जणांना त्या आधी हटवायच्या आहेत.

आवक_जावक
तिथून सुरुवात केलीत तर मोहीम तिथेच संपेल. अतिक्रमण विभाग एक दिवस गाडी आणतो, आठवड्यात सगळं जैसे थे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, जागा नगर पथविक्रेता समितीमार्फत ठरतात. १.८ मीटर मोकळे सोडून टपऱ्यांना कडेची पट्टी द्या, अशी मागणी केलीत तर विक्रेतेही सह्या करतील. सोसायटीवाल्यांनी फूटपाथवर लावलेल्या दुचाक्याही मोजा. बहुतेक वेळा जास्त जागा त्यांनीच खाल्लेली असते.

मोजपट्टी
जवळ सिग्नल असेल तर वाहतूक पोलिसांना वेगळं पत्र लागेल. १५ मीटर ओलांडायला सेकंदाला १.२ मीटरच्या वेगाने साडेबारा सेकंद लागतात. ज्येष्ठांचा वेग ०.८ धरला तर १९. स्टॉपवॉचने हिरवा दिवा मोजा आणि तीनही आकडे पत्रात लिहा.