'न्वार'ला मराठीत काय म्हणावं?

परवा 'द ब्लॅक डॅलिया' (२००६) पाहिला. १९४७ चं लॉस एंजेलिस, फेल्ट हॅटी, सिगारेटचा धूर, अर्धा चेहरा सावलीत. डोळ्यांचं पारणं फिटलं, पण तासाभरात कोणी कोणाला का मारलं याचं सोयरसुतक उरलं नाही. परीक्षण लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. फिल्म न्वारला, म्हणजे या सावल्यांनी भरलेल्या गुन्हेपटांच्या प्रकाराला, 'कृष्णपट' म्हटलं तर?

— नको हो. वाचणारा आधी गोकुळात जाईल, तिथून कृष्णधवलकडे. आणि हा सिनेमा तर रंगीत! फ्रेंच 'न्वार' म्हणजे नुसतं 'काळा'. नीनो फ्रांक या समीक्षकाने १९४६ मध्ये काही अमेरिकी गुन्हेपटांना ते विशेषण लावलं. पॅरिसमध्ये आदल्याच वर्षी 'सेरी न्वार' ही गुन्हेकथांची पुस्तकमाला सुरू झाली होती. म्हणजे काळेपणा मूळचा गोष्टीतला. आपल्याकडे 'मनात काळंबेरं' म्हणतात ना, तसला.

— मग 'काजळी' घ्या. काजळ आणि काजळी एकाच धुराची. पण काजळ मुद्दाम धरतात, बोटावर घेऊन रेखतात. काजळी आपसूक धरते, आणि काच पुसेस्तोवर किती होती ते कळत नाही. जेम्स एलरॉयच्या मूळ कादंबरीत (१९८७) काजळी आहे. तो दहा वर्षांचा असताना त्याच्या आईचा खून झाला होता. सिनेमाचा दिग्दर्शक ब्रायन डी पामाने काजळ घातलं. विल्मोश झिगमंडच्या छायाचित्रणाला ऑस्कर नामांकन मिळालं, तेही रास्तच. तो प्रेत सापडण्याचा प्रसंग आठवा: कॅमेरा इमारतीच्या छपरावर चढतो, पलीकडच्या मोकळ्या जागेत एक बाई काहीतरी बघून ओरडत पळत सुटते, आणि कॅमेरा तिला सोडून निवांत अलीकडे उतरतो. काय रेखीव! पण शेवटाकडे खुलासे भाषणं करून उरकावे लागले, तिथे काजळ ओघळलं.

— पटलं. पण 'काजळीपट' जिभेवर बसत नाही. 'काजळपट' बसतो, पण तुमच्याच हिशेबाने तो नुसता नटवा न्वार झाला. (आणि कृपया 'नॉयर' लिहू नका, कानाला टोचतं.)

— मला तोच हवा होता! न्वार राहू दे न्वार. माझं पहिलं वाक्य झालं: "हा एक देखणा काजळपट आहे." आता काजळपट म्हणजे काय, ते सांगण्यात दुसरा परिच्छेद जाणार.