अनुभव धागा : पाण्यावर फिरणारं जातं पाहिलंय का?

वीज गेली की गिरणी बंद, डबा तिथंच, आणि रात्री भाकरीऐवजी भात. सोलापुरात हे नवीन नाही. परवा असाच भात गिळताना संभाजीनगरच्या पाणचक्कीचा विषय निघाला. कोण कोण जाऊन आलंय? नुसतं 'छान आहे' नको, काय पाहिलं ते लिहा.

पूर्व भागातला जॉबर : मी गेलो ते चाक बघायला. आपल्या डोक्यात उभं चाक असतं, इथलं आडवं आहे. पाणी पात्यांवर आदळतं, मधला दांडा फिरतो आणि तोच दांडा थेट जात्याच्या वरच्या तळीला, म्हणजे दगडाला फिरवतो. पट्टा नाही, दातेरी चक्र नाही. चाकाचा एक फेरा म्हणजे जात्याचा एक फेरा. मागावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाला हे बघून हेवाच वाटतो, बिघडायला मधे काही ठेवलंच नाही की ओ! पाणी डोंगराकडून खापरी नळांनी, जमिनीखालून आणलंय. उगम उंचावर असल्यानं त्या जोरावर ते भिंतीत वर चढतं. १८व्या शतकातलं काम आहे हे.

जुळे सोलापूर : शाळेच्या सहलीत गेलो होतो. तुळजापूर, धाराशिव, बीड करत पोचेपर्यंत निम्मी पोरं ओकून झाली होती. सगळे भिंतीवरून हौदात पडणाऱ्या पाण्यापुढे फोटोला उभे. जात्याची खोली राहूनच गेली. हौदाखालच्या दालनातला गारवा तेवढा लक्षात आहे.

मंगळवेढ्याची सून : तिथल्या बाबा शाह मुसाफिर या सूफी संतांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंना, फकिरांना या चक्कीचं पीठ मिळायचं, हे ऐकून मी पदराला मूठभर मालदांडी ज्वारी बांधून नेली. म्हटलं, चार दाणे टाकू देतील. आम्ही गेलो त्या दिवशी जातं रिकामंच फिरत होतं. दाणे नसले की दगडाचा आवाज कोरडा येतो, कानाला लागतो. सासूबाई असत्या तर ओरडल्या असत्या, रिकामं जातं फिरवू नये, दगडाची टाकी, म्हणजे त्यावरच्या खाचा जातात. ज्वारी शेवटी हौदातल्या माशांना टाकली.

विजापूर रोड : मे महिन्यात जाऊ नका. आम्हाला पाण्याची नुसती धार दिसली, चाक गप्प. जायचं तर श्रावणात.

अवांतर : चक्की नाही, पण पाण्याची करामत जवळच बघायची तर नळदुर्ग. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, १६१३ सालचा. पावसाळ्यात नर आणि मादी धबधबे अंगावरून कोसळतात, आत आपण कोरडे. धागा भरकटवल्याबद्दल माफी.

धागाकर्ती : भरकटू द्या. मालदांडीवाल्या ताई, श्रावणात गाडी करूया का? यावेळी किलोभर नेऊ आणि आधी विचारून घेऊ. वीज आली वाटतं, डबा घेऊन येते.